समुद्री फुलपाखरे व महासागरांचे आम्लीकरण

समुद्री फुलपाखरे म्हणजे मृदुकाय संघाच्या उदरपाद (गोगलगायींच्या) वर्गातील, खुल्या समुद्रात तरंगणारे शंखधारी प्राणिप्लवक (प्रवाहाबरोबर वाहणारे लहान प्राणी). यांना टेरोपॉड असेही म्हणतात. यांच्या पायाचे दोन पंखांत रूपांतर झालेले असते. ध्रुवीय पाण्यातील लिमासिना हेलिसिना ही जाती जेमतेम काही मिलिमीटरची असते. तिचा पारदर्शक, ठिसूळ शंख डावीकडे वळलेला असतो.

हा शंख ॲरागोनाइटचा, म्हणजे कॅल्साइटहून सहज विरघळणाऱ्या कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. मानवी उत्सर्जनातील कार्बन डाय-ऑक्साइडचा सु. चौथा हिस्सा महासागर शोषतात; पाण्यात त्याचे आम्ल बनून हायड्रोजन आयन सुटतात. औद्योगिक क्रांतीपासून पृष्ठजलाचे पीएच मूल्य (आम्लतेचे माप; ते जितके कमी तितकी आम्लता जास्त) अंदाजे ८.२ वरून ८.१ वर आले. पाणी अजूनही अल्कधर्मीच आहे. परंतु मापनश्रेणी लघुगणकी (एका अंकाचा फरक म्हणजे दहापट बदल) असल्याने हायड्रोजन आयनांची वाढ ३० टक्क्यांच्या आसपास भरते. हे आयन कार्बोनेट आयनांशी संयोग पावतात आणि शंखबांधणीसाठी कार्बोनेट कमी पडते. थंड पाण्यात वायू अधिक विरघळत असल्याने ध्रुवीय समुद्रांना धोका आधी संभवतो.

शंख प्रत्यक्षात किती विरघळतो, याविषयी मतभेद आहेत. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात क्लिओ पिरॅमिडाटा या टेरोपॉड जातीच्या शंखांवर ४८ तासांत झीज दिसली. संशोधक नीना बेदनार्शेक व सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये अंटार्क्टिकाजवळील स्कोशिया समुद्रातील जिवंत प्राण्यांच्या शंखांवरही तीव्र झीज दाखवली. याउलट संशोधक व्हिक्टोरिया पेक प्रभृतींच्या मते शंखावरील पातळ सेंद्रिय आवरण अखंड असेल, तर आतील ॲरागोनाइट सुरक्षित राहते. आवरण जिथे फाटते किंवा ओरखडते, तिथेच झीज सुरू होते. शिवाय प्राणी आतून नवा थर चढवून शंख जाड करतो. आवरणाखालीही झीज आढळते, असे बेदनार्शेक यांच्या गटाचे प्रत्युत्तर आहे. सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यापूर्वी आवरण कसे काढले, यावरही निष्कर्ष अवलंबून असल्याचा आक्षेप आहे. झीज म्हणजे मृत्यू नव्हे, हे मात्र दोन्ही बाजूंच्या पुराव्यांतून निघते. दुरुस्तीत खर्ची पडणारी ऊर्जा वाढीतून व प्रजननातून वजा होते, हा धोका अधिक गंभीर मानणे योग्य ठरेल.

अन्नजाळ्यात यांचे स्थान मोठे आहे. क्लायोनी ही शंखहीन गोगलगाय जवळजवळ केवळ लिमासिनावर जगते. उत्तर पॅसिफिकमधील गुलाबी सामन माशाच्या पिल्लांच्या आहारातही टेरोपॉड असतात. मृत शंख तळाशी बसताना कार्बोनेटही खाली नेतात. अरबी समुद्राच्या गाळातील अशा शंखांच्या जतनावरून पूर्वीच्या सागरी स्थितीची अनुमाने काढली जातात.