ताडोबा: कोअरचं गेट आणि बफरचं गेट

ताडोब्याला जायचं ठरलं की बहुतेक जण आधी रूम बघतात. माझं कळकळीचं सांगणं, आधी गेट ठरवा. ताडोब्याला एकच दरवाजा नाही. मोहर्ली, कोलारा, नवेगाव, झरी, पांगडी, खुटवंडा ही कोअरची, म्हणजे जंगलाच्या आतल्या गाभ्याची गेटं. आगरझरी, देवाडा, जुनोना, मदनापूर, अलीझंजा ही बफरची, म्हणजे गाभ्याभोवतीच्या पट्ट्याची, आणि अशी आणखी बरीच.

घोटाळा नावांपासूनच सुरू होतो. 'नवेगाव' हे कोअरचं गेट, 'नवेगाव-रामदेगी' बफरचं. पांगडीचंही तसंच. त्यात गोंदिया-भंडाऱ्याकडचा नवेगाव-नागझिरा हा तर वेगळाच व्याघ्रप्रकल्प. तेव्हा पैसे भरण्याआधी गेटचं पूर्ण नाव वाचा. दुसरं, 'कोअर गेटवरचं रिसॉर्ट' म्हणजे कोअरमधलं रिसॉर्ट नव्हे. रिसॉर्टं आणि होमस्टे बफरमध्ये नाहीतर त्याच्याही बाहेर आहेत. रूम मिळाली म्हणजे सफारी मिळाली, असंही नाही. तिचं बुकिंग वेगळं, आणि ज्या ओळखपत्रावर केलं ते मूळ ओळखपत्र गेटवर दाखवावं लागतं.

कोअर म्हणजे १९५५ चं ताडोबा राष्ट्रीय उद्यान आणि १९८६ चं अंधारी अभयारण्य, मिळून सव्वासहाशे चौरस किलोमीटरच्या आसपास. जामणी, नवेगाव ही गावं तिथून उठली. जिथं घरं आणि वावरं होती तिथं आज उंच गवत आहे, गवतात चितळं आहेत आणि चितळांमागे वाघ. घरदार सोडून गेलेल्या माणसांच्या जागेवरून आपली जिप्सी जाते, एवढं भान तिथं असावं.

भोवतीचा बफर अकराशे चौरस किलोमीटरचा. इथं गावं नांदती आहेत. मार्च-एप्रिलमध्ये मोह गळायला लागला की बाया झुंजुरकाच टोपली घेऊन झाडाखाली वाकलेल्या असतात. वाकलेल्या माणसाला झुडपामागचं काही दिसत नाही, आणि मागे वाघ असू शकतो. तुमचा गाईड बहुधा याच गावांपैकी एकातला. वानर खेकसलं, भेकर ओरडलं की तो जिप्सी थांबवायला सांगतो आणि तुमच्या आधी त्याची नजर नाल्याकडे जाते. वाघ बफरमध्येही राहतात, पिल्लं वाढवतात. म्हणून 'कोअर मिळालं नाही, आता बफरवर भागवू' हे बोलणं मला पटत नाही. मात्र माणसाची चाहूल नसलेलं जंगल आणि ताडोब्याचा तलाव बघायचा असेल तर कोअरला पर्याय नाही.

मंगळवारी कोअर बंद. जुलै ते सप्टेंबरही बंद. त्या दिवसांत बफरची काही गेटं सुरू असतात.

पहिल्यांदा येत असाल तर मोहर्लीला उतरा. गेट गावातच, आगरझरी-देवाडा-जुनोना जवळ. एक सफारी कोअरची, एक बफरची सहज होते. चंद्रपूरही लांब नाही. नागपूरकडून येणाऱ्यांना चिमूरमार्गे कोलारा सोयीचं. पण रूम मोहर्लीला आणि सफारी कोलाऱ्याची, असं करू नका. नकाशात जंगल ओलांडलं की झालं असं वाटतं. प्रत्यक्षात बाहेरून मोठा वळसा घ्यावा लागतो आणि पहाटेची सफारी हातची जाते.