याजकांची 'ब' तुकडी

बायबलमधलं एज्राचं पुस्तक हिब्रूत आहे, पण चौथ्या अध्यायाच्या आठव्या वचनाला भाषा एकदम बदलते आणि हिब्रूच्याच कुळातली अरामी सुरू होते. कारण साधं आहे, तिथे राजाला लिहिलेली पत्रं येतात आणि इराणी साम्राज्याचा सगळा ऑफिसचा कारभार अरामीत चालायचा, आपल्याकडे एकेकाळी दरबारात फारसी चालायची तसाच. सहाव्या अध्यायाच्या १८व्या वचनाला हा अरामी भाग संपतो आणि पुढच्याच वचनाला गाडी परत हिब्रूवर. मला ज्या शब्दाबद्दल लिहायचंय तो नेमका या शेवटच्या वचनात आहे, आणि बायबलच्या अख्ख्या अरामी मजकुरात तो एवढ्या एकाच ठिकाणी येतो.

शब्द आहे पेलुग्गा. राजा दारयवेशच्या सहाव्या वर्षी, म्हणजे इ.स.पू. ५१५ च्या सुमारास, यरुशलेमचं मंदिर पुन्हा बांधून झालं आणि मग याजकांना, म्हणजे तिथल्या पुजाऱ्यांना, त्यांच्या त्यांच्या 'पेलुग्गां'मध्ये उभं केलं असं तिथे लिहिलंय. आता यातली प-ल-ग ही तीन व्यंजनं म्हणजे चिरणे, दुभागणे. दानिएलच्या पुस्तकात हीच व्यंजनं फुटलेल्या राज्यासाठी येतात आणि अर्ध्या काळासाठीही. मग याजकांना चिरलं की काय? तर नाही, आणि हे मराठी माणसाला पटकन कळावं, कारण आपण पण तेच करतो. तुकडा मोडलेला असतो पण तुकडी मात्र शिस्तीत उभी असते, मग ती पोलिसांची असो नाहीतर शाळेतली पाचवी ब. पेलुग्गाला तुकडी यापेक्षा चपखल शब्द मला तरी सुचत नाही.

गरज का पडली तेही बघा. बाबिलोनच्या बंदिवासातून परत आलेल्यांची यादी त्याच पुस्तकात आहे, त्यात याजकांची घराणी फक्त चार पण माणसं ४,२८९! एका मंदिरात एवढे जण रोज काय करणार. इतिहासाच्या पहिल्या पुस्तकात चिठ्ठ्या टाकून २४ वर्ग पाडल्याचं येतं, आणि एकेका वर्गाने आठवडाभर सेवा करायची, शब्बाथ ते शब्बाथ, म्हणजे एका शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसापासून दुसऱ्यापर्यंत. म्हणजे आपल्याकडे तुळजापूरला पाळीकर पुजारी असतात तसलीच पाळी. (एज्रा म्हणतो हे मोशेच्या पुस्तकाप्रमाणे केलं, पण हे २४ वर्ग मोशेच्या पुस्तकांत सापडत नाहीत, इतिहासाचं पुस्तक त्यांचं श्रेय दावीद राजाला देतं.) लूकच्या शुभवर्तमानातला जखऱ्या, म्हणजे बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाचे वडील, अबीयाच्या वर्गातला होता, तो या २४ मधला आठवा.

पण शब्दाचा अर्थ एकाच वचनावरून कसा काय ठरवतात? बहिणी शोधतात, म्हणजे त्याच कुळातल्या भाषा. हिब्रूतला प अरबीत फ होतो आणि ग चा ज होतो, हिब्रू गामाल म्हणजे उंट तो अरबीत जमल. तोच नियम प-ल-ग ला लावला की फ-ल-ज मिळतं, आणि ओमानमध्ये आजही पाण्याच्या पाटाला फलज म्हणतात! प्राचीन मेसोपोटेमियातल्या अक्कडी भाषेत पल्गू म्हणजे कालवा, आणि पहिल्या स्तोत्रातलं ते प्रवाहांकाठचं झाड, तिथल्या प्रवाहांनाही हिब्रूत हाच शब्द. पाट फोडून पाणी वाटून घ्यायचं हे शेतकऱ्याला सांगायला नको. आणि अर्धांगवायूला उर्दूत फालिज म्हणतात ना, तो अरबीतून आलेला, त्याच मुळाचा, तिथेही अंगाचे दोन भाग आणि इथेही 'अर्ध'.

एज्राच्या त्याच वचनात लेव्यांसाठी, म्हणजे याजकांच्या हाताखालच्या मंदिरसेवकांसाठी, मात्र वेगळा शब्द आहे, ह-ल-क या मुळाचा, म्हणजे वाटा, हिस्सा. आजच्या इस्रायली सैन्यात हे दोन्ही शब्द ड्युटीवर आहेत, प्लुगा म्हणजे कंपनी आणि तिच्यातली छोटी प्लाटून ती मखलका. गंमत म्हणजे मधल्या काळात दोन्ही मुळांचं भांडणात रूपांतर झालं, वाटणी म्हटलं की आपल्याकडे होतं तसंच. ह-ल-क वरून मखलोकेत म्हणजे वाद, आणि तालमूद या ज्यूंच्या धर्मचर्चेच्या ग्रंथातल्या अरामीत प्लुग्ता म्हणजे मतभेद. ज्याच्याशी एखाद्या पंडिताचं हमखास वाजतं, त्याला तिथे बर प्लुग्ता म्हणतात, शब्दशः फुटीचा मुलगा.