संमतीपत्र कोणत्या भाषेत? बेळगाव सीमाभागातल्या आरोग्य संशोधनाची पार्श्वभूमी

टिळकवाडीतलं व्हॅक्सिन डेपो मैदान बेळगावच्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. महाराष्ट्र एकीकरण समितीचा महामेळावा म्हटलं की हेच मैदान. सकाळी फिरायला यायचं तर इथल्याच झाडांखाली. पण नावातल्या 'व्हॅक्सिन'कडे आपलं लक्ष जात नाही. इथे देवीची लस तयार व्हायची. मुंबई इलाख्याच्या काळात ही संस्था उभी राहिली. जनावराच्या कातडीवर लस वाढवायची, ती खरवडून शुद्ध करायची आणि गावोगावच्या 'देवी डॉक्टरां'कडे पाठवायची, असं ते काम. पुढे देवी निर्मूलनाच्या मोहिमेत उन्हाळ्यातही टिकणारी, गोठवून सुकवलेली लस लागली. ती बनवणारी देशात चारच केंद्रं होती: पाटवाडांगर, हैदराबाद, मद्रासचं गिंडी आणि आपलं बेळगाव. भारतातला देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ साली सापडला, आणि १९७७ मध्ये देश देवीमुक्त ठरला. त्या यशात या मैदानाचा वाटा आहे.

हे आज आठवायचं कारण आहे. वैद्यकीय शिक्षण घेणारी सीमाभागातली मुलं-मुली आता सर्रास विचारतात, की संशोधन करायचंय, पैसा कुठून मिळतो, शिकायचं कुठे आणि गावातली माणसं सोबत कशी घ्यायची? परिपत्रकं वाचून याची उत्तरं मिळतात, पण अर्धीच. ही दारं कधी आणि कशी उघडली, आणि आपल्या भागात ती नेमकी कुठे अडतात, हे कळायला थोडं मागे जावं लागतं.

१ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. या तारखेबद्दल आपल्याकडे भाषेच्या आणि हक्कांच्या अंगाने खूप लिहिलं गेलंय, आरोग्याच्या अंगाने फारच कमी. तोवर इथल्या डॉक्टरांचा, लशीचा, प्रयोगशाळेचा रस्ता मुंबई-पुण्याकडे जायचा. प्लेगच्या लशीचं काम १८९७ मध्ये मुंबईतच हाफकिन यांनी केलं, आणि त्यातून परळची संस्था उभी राहिली. १९५६ नंतर कागद बेंगळूरुला जायला लागले. माणसं मात्र जुन्याच रस्त्याने जात राहिली. अवघड दुखणं निघालं की मिरज. मिशनरी डॉक्टर वॉनलेस यांनी १८९४ मध्ये सुरू केलेल्या मिशन हॉस्पिटलची ओढ आजही निपाणी-चिकोडीकडच्या घरांत आहे. उलट चंदगडचा माणूस पेशंट घेऊन बेळगावला येतो. रुग्ण दोन्ही बाजूंनी सीमा ओलांडतात, पण आकडेवारी ओलांडत नाही. सर्वेक्षण जिल्ह्याच्या हद्दीवर थांबतं, राज्याचं अनुदान राज्यातच खर्चावं लागतं. २०२३ मध्ये महाराष्ट्राने महात्मा फुले जनआरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू करायचं जाहीर केलं, तेव्हा त्यावरूनही दोन राज्यांत वाद पेटला. उपचारांच्या पैशांची ही कथा, मग संशोधनाच्या पैशाचं काय सांगावं.

बेळगावात आधुनिक वैद्यकीय शिक्षण रुजवलं ते केएलई संस्थेने. १९१६ साली सात शिक्षकांनी ती स्थापली. कन्नड मुलांना शिक्षण मिळावं ही त्यांची तळमळ होती, आणि मराठी वाचकाने ती मोकळ्या मनाने मान्य करायला हवी. त्या काळच्या बेळगावात शाळा-कचेऱ्यांवर मराठीचा वरचष्मा होता. संस्थेचं आयुर्वेद महाविद्यालय १९३३ चं, आणि जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेज १९६३ चं. सरकारी मेडिकल कॉलेज, म्हणजे बिम्स, यायला २००५ उजाडलं. पुढच्याच वर्षी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, इथे आपलं प्रादेशिक केंद्र उघडलं. तीच आजची राष्ट्रीय पारंपरिक वैद्यक संस्था.

पण बेळगावचं नाव जगाच्या वैद्यकीय नकाशावर गेलं ते बाळंतपणाच्या संशोधनामुळे. इथे जरा थांबायला हवं.

२००१ च्या सुमारास अमेरिकेच्या राष्ट्रीय बालआरोग्य संस्थेने स्त्रिया आणि मुलांच्या आरोग्यासाठी एक जागतिक जाळं उभारलं. गरीब देशांतली संशोधन केंद्रं अमेरिकी विद्यापीठांशी जोडायची, असं त्याचं रूप होतं. नेहरू मेडिकल कॉलेज त्यात आलं. पहिला मोठा प्रश्न घेतला तो बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाचा. बाई मोकळी झाली, बाळ रडलं, घरात आनंद झाला, आणि तासाभरात बाई गेली. अशी एक तरी आठवण आपल्या आजी-पणजीच्या पिढीतल्या प्रत्येक घरात आहे. रक्तस्राव रोखायचं नेहमीचं औषध इंजेक्शनचं. ते थंड ठेवावं लागतं आणि टोचणारं कोणीतरी लागतं. त्याऐवजी मिसोप्रोस्टॉलच्या तोंडाने घ्यायच्या गोळ्या चालतील का, हे तपासायचं ठरलं.

सप्टेंबर २००२ ते डिसेंबर २००५ या काळात बेळगाव जिल्ह्यातल्या चार प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या परिसरात १६२० बायका या अभ्यासात सामील झाल्या. गोळ्या देणाऱ्या होत्या २५ नर्सबाई, म्हणजे एएनएम. यात डॉक्टर कुठेच नव्हता, आणि मला हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. बाळंतपणं घरी किंवा उपकेंद्रात व्हायची. रक्त किती गेलं हे तोवर डोळ्यांनी जोखलं जायचं, आणि अंदाज बहुतेक वेळा कमीच निघायचा. इथे बाळंतिणीच्या खाली खुणा केलेल्या पिशवीचं प्लास्टिकचं कापड पसरलं, रक्त त्या पिशवीत उतरायचं आणि मोजलं जायचं. निम्म्या बायकांना खरं औषध, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या पण औषध नसलेल्या गोळ्या. २००६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष छापून आले. रक्तस्रावाचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आलं होतं, आणि तीव्र रक्तस्रावाचं १.२ वरून ०.२ वर. २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने रक्तस्राव टाळण्यासाठी हे औषध अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. त्यामागच्या पुराव्यात बेळगावच्या बायकांचा मोठा वाटा आहे.

त्यानंतर कामं येत गेली. सुईणी, नर्स आणि इतर प्रसूती करणाऱ्यांना नवजात बाळाची काळजी शिकवली तर काय फरक पडतो, याचा सहा देशांतला अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. मृत जन्माचं प्रमाण घटलेलं दिसलं. पहिलटकरणींना कमी मात्रेची अ‍ॅस्पिरिन दिली तर वेळेआधीची बाळंतपणं कमी होतात का, या प्रश्नावर सहा देशांतल्या ११,९७६ बायका होत्या, त्यांत बेळगाव आणि नागपूरच्याही. प्रमाण १३.१ वरून ११.६ टक्क्यांवर आलं, आणि हा निष्कर्ष २०२० चा.

सगळे निष्कर्ष असे गोड नव्हते. अपुऱ्या दिवसांच्या बाळाची फुप्फुसं लवकर तयार व्हावीत म्हणून आईला स्टेरॉइड देतात. मोठ्या इस्पितळांत त्याचा फायदा होतो हे माहीत होतं. तेच गावपातळीवर नेलं तर? बेळगावसह सहा देशांत सुमारे एक लाख बाळंतपणांवर हे पाहिलं गेलं. २०१५ मध्ये आलेलं उत्तर धक्का देणारं होतं. एकूण नवजात मृत्यू कमी न होता हजारी साडेतीनने वाढले, आणि आईच्या जंतुसंसर्गाचा संशयही वाढला. पुढे भारतासह पाच देशांत, पण चांगल्या सोयीच्या रुग्णालयांत, पुन्हा चाचणी झाली आणि तिथे बाळं वाचली. औषध तेच असलं तरी आजूबाजूची व्यवस्था निराळी होती. संशोधनाला उतरणाऱ्या प्रत्येक तरुणाने हे दोन अभ्यास शेजारी ठेवून वाचावेत असं मी नेहमी सांगतो.

आता पैशाकडे वळू. आयसीएमआरचा जन्म १९११ चा, तेव्हाचं नाव इंडियन रिसर्च फंड असोसिएशन. १९४९ ला नाव बदललं. एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांसाठी तिची दोन महिन्यांची अल्पकालीन विद्यार्थीवृत्ती १९७९ पासून चालते. सीमाभागातल्या मुलासाठी हे सगळ्यात जवळचं दार, कारण आपल्याच कॉलेजातल्या मार्गदर्शकाबरोबर लहानसा अभ्यास करता येतो. २००७ मध्ये केंद्राने आरोग्य संशोधनासाठी वेगळा विभाग काढला आणि सरकारी मेडिकल कॉलेजांत संशोधन युनिटं, तरुण व महिला शास्त्रज्ञांसाठी योजना आल्या. २००८ मध्ये जैवतंत्रज्ञान विभाग आणि वेलकम ट्रस्टची इंडिया अलायन्स सुरू झाली. तिच्या फेलोशिपा मोठ्या, स्पर्धाही तशीच. परदेशी पैसा घ्यायचा तर आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मंजुरी लागते. मोठ्या संस्थेला हे सगळं पेलतं. खानापुरात दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरला एकट्याने ते जमणार नाही, त्याने संस्थेशी जोडून घेतलेलंच बरं.

प्रशिक्षणाची गोष्ट त्या मानाने थोडक्यात सांगता येते. पूर्वी प्रबंध म्हणजे पदव्युत्तर परीक्षेआधी उरकायचं काम होतं. आता चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेचा संशोधनाचा मूलभूत ऑनलाइन अभ्यासक्रम पदव्युत्तर विद्यार्थ्यांना करावाच लागतो, आणि तो मन लावून केला तर खरंच उपयोगी आहे. २०२२ पासून एमबीबीएसच्या मुलांना गावातली काही कुटुंबं दत्तक दिली जातात. किणये, वंटमुरी, हंदिगनूर इथल्या केंद्रांतून नेहरू मेडिकलची मुलं कितीतरी आधीपासून गावांत जात आलीत. घरी बसून चहा घेतल्याशिवाय प्रश्नावली उघडायची नाही, हे तिथे कुणी न शिकवता कळतं.

आणि इथेच भाषा आडवी येते.

आयसीएमआरने नीतिविषयक पहिलं निवेदन १९८० मध्ये काढलं, मग २०००, २००६ आणि २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आली. माहितीपत्र सहभागी माणसाला समजेल अशा भाषेत हवं, वाचता येत नसेल तर तटस्थ साक्षीदार हवा, संशोधनाला मंजुरी देणाऱ्या नीतिसमितीत वैद्यकाबाहेरचा सामान्य नागरिक हवा, हे सगळं त्यात आहे. संशोधनाच्या अर्जात मात्र बहुतेक वेळा इंग्रजी आणि कन्नड एवढंच लिहिलेलं असतं, कारण राज्याची भाषा कन्नड. जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला गेलात, येळ्ळूर-उचगावात गेलात, तर घरातली आजी मराठीच बोलते. मग शेवटच्या क्षणी मराठी मजकुराची धावपळ होते.

असा एक संमतीपत्राचा मजकूर माझ्याकडे आला होता. संस्थेचं नाव सांगायची गरज नाही. दोन दिवसांत भाषांतर करून द्या, म्हणाले. आधीच्या कुणीतरी केलेल्या मसुद्यात वाक्य होतं: 'आपली निवड यादृच्छिक पद्धतीने केली जाईल.' मी ते शेजारच्या काकूंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे माझी निवड झाली न्हवं? मग चांगलंच की." त्यांना वाटलं, त्यांची कशासाठी तरी पसंती झालीय. ते वाक्य आम्ही बदललं: 'कुणाला कुठलं औषध मिळणार हे चिठ्ठी टाकून ठरेल. डॉक्टर ठरवणार नाहीत, तुम्हीही नाही.' काकू थोडा वेळ गप्प बसल्या आणि मग विचारलं, "मग मला नको असलं तर?" हा प्रश्न आला, तेव्हा कुठे ते संमतीपत्र झालं. त्याआधी तो सहीचा कागद होता, आणि सहीच्या कागदाची आपल्याकडे भीती असते. जमिनीचं काही असेल, ऑपरेशनचं असेल, अशी शंका माणसं बोलून दाखवत नाहीत, फक्त अंगठा द्यायला उशीर करतात.

लोकसहभाग म्हणजे एवढंच नव्हे, हे आपल्याच पट्ट्यातल्या बायकांनी दाखवलंय. सांगलीच्या संग्राम संस्थेच्या साथीने १९९६ मध्ये वेश्या अन्याय मुक्ती परिषद, म्हणजे व्हॅम्प, उभी राहिली. तिचं काम निपाणीतही आहे. एड्सच्या काळात प्रत्येक संशोधकाला या बायका फक्त रक्ताचा नमुना म्हणून हव्या होत्या. त्यांनी संघटना करून आपल्याबद्दलच्या निर्णयात आपलं म्हणणं मांडलं, आणि राज्याची सीमा त्यांना आडवी आली नाही. दुसरीकडे जंगलपट्टा आहे. खानापूरच्या वैदूंना जी झाडं ठाऊक आहेत त्यांवर अभ्यास करायचा, तर २००२ च्या जैवविविधता कायद्याने गावाची समिती आणि लोकांनी ठेवायची जैवविविधतेची नोंदवही यांना स्थान दिलंय, लाभात वाटाही सांगितलाय. ती नोंदवही वैदू बोलतो त्या भाषेत लिहिली गेली, तरच तिचा उपयोग त्याला होईल.

अर्ज लिहिणाऱ्याला एक व्यवहाराची गोष्ट सांगतो. भाषांतर, मराठीवरून उलट भाषांतर करून केलेली तपासणी, गावातल्या बैठका, आशाताईंचा प्रवास, निष्कर्ष परत गावात नेऊन सांगणं, या सगळ्याचा खर्च अंदाजपत्रकात सुरुवातीलाच मांडा. नंतर यासाठी पैसे कुणी देत नाही. आणि निष्कर्ष सांगायचे ते सभागृहात नकोत, देवळाच्या कट्ट्यावर सांगावेत, नर्सबाईंना शेजारी बसवून.

बेळगावच्या त्या पहिल्या अभ्यासात जन्मलेली मुलं आज विशीत आहेत. कुणी नर्सिंगला असेल, कुणी पुण्याला कंपनीत. त्यांच्या शिक्षणक्रमात मिसोप्रोस्टॉलचं नाव येतं, मात्रा येते, १६२० हा आकडाही कधी येतो. त्या आकड्यात आपली आई आहे, हे त्यांतल्या फार थोड्यांना कुणी सांगितलं असेल.