येवल्याच्या मागावरून कॉम्प्युटरच्या शब्दकोशात

नाशिकहून येवल्याला पैठणी घ्यायला गेलात, तर पदरावरचे मोर बघून झाल्यावर मान जरा वर करा. मागाच्या डोक्यावर पुष्कळदा जेकार्ड, म्हणजे नक्षीप्रमाणे धागे उचलणारा सांगाडा, बसवलेला दिसतो आणि त्यावरून भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ लोंबत असते. पायडल दाबलं की एक पुठ्ठा सुयांसमोर येतो. भोक असेल तिथे सुई आत शिरते आणि तिच्या हुकातला ताण्याचा (उभा) धागा उचलला जातो. भोक नसेल तिथे सुई मागे ढकलली जाते, धागा खालीच राहतो. आडव्या धाग्याच्या एका फेरीला एक पुठ्ठा. ही करामत फ्रान्समधल्या लियाँच्या जोसेफ-मारी जाकारची, १८०४ सालची; जेकार्ड हे त्याचंच नाव.

इंग्रज गणितज्ञ चार्ल्स बॅबेजने हेच पुठ्ठे आपल्या ॲनालिटिकल इंजिनासाठी, म्हणजे आकडेमोड करणाऱ्या यंत्रासाठी, उचलले. आकडेमोड जिथे व्हायची त्या भागाला त्याने नाव दिलं 'मिल', आकडे ठेवायच्या जागेला 'स्टोअर'. सरळ कापडगिरणीची भाषा! ते इंजिन काही पूर्ण झालं नाही. पण जाकारचा माग जशी फुलंपानं विणतो तसं हे यंत्र बीजगणिताच्या नक्ष्या विणतं, असं या इंजिनावर टिपणं लिहिणाऱ्या एडा लव्हलेसने १८४३ मध्ये लिहून ठेवलं.

'बग', म्हणजे प्रोग्रॅममधली चूक, या शब्दाची गोष्ट कॉम्प्युटरवाल्यांना पाठ असते: १९४७, हार्वर्ड मार्क टू हा कॉम्प्युटर, त्याच्या रिलेत (विजेच्या स्विचात) अडकलेला पतंग, म्हणजे किडा. पतंग खरा, पण एडिसनच्या १८७८ च्या पत्रात यंत्रातल्या खोडीला 'बग' म्हटलेलं सापडतं.

मला त्याहून 'पॅच', म्हणजे प्रोग्रॅममधली चूक झाकणारी दुरुस्ती, आवडतो. हार्वर्ड मार्क वनचा प्रोग्रॅम कागदी पट्टीवर भोकांनी लिहिलेला असे. चुकीच्या जागी भोक पडलं, तर त्यावर कागदाचा तुकडा चिकटवायचा. म्हणजे चक्क ठिगळ. तीच आज्ञा पुन्हापुन्हा हवी असेल, तर पट्टीची दोन टोकं जोडून कडं करायचं. त्याला 'लूप' म्हणत. आज एखाद्या ऑफिसात "रात्री पॅच मारला" असं कुणी म्हणतं, तेव्हा डिंकाची बाटली कुणालाच आठवत नाही.

कॉम्प्युटरमधून पुठ्ठे गेले, त्यांचं माप राहिलं. आयबीएम कंपनीने १९२८ मध्ये माहिती नोंदवायच्या भोकांच्या कार्डावर ८० रकाने बसवले. पुढे टर्मिनलच्या पडद्यावरही एका ओळीत ८० अक्षरं आली, आणि पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेची अधिकृत लेखनशैली अजून सांगते: ओळ ७९ अक्षरांच्या पुढे नेऊ नका.