कांद्याला रेडिएशन देतात म्हणजे नेमकं काय करतात?

अमेरिकेतल्या मावसभावाने हापूसच्या पेटीचा फोटो टाकला, पेटीवर हिरवं गोल चिन्ह, म्हणजे आंब्याला रेडिएशन दिलंय, आणि लगेच फॅमिली ग्रुपवर काकू सुरू, "अरे टाकून दे ते, कॅन्सर होईल!" आता काकूंना कोण सांगणार की २००७ मध्ये भारतातला आंबा अमेरिकेत जायला लागला तोच मुळी या अटीवर, कमीत कमी ४०० ग्रे (ग्रे म्हणजे रेडिएशनचा डोस मोजायचं एकक) डोस, म्हणजे कोयीतला भुंगा आणि फळमाशी यांची पिल्लावळ तिथे वाढायला नको.

पण खरी गंमत कांद्यात आहे. लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राचा 'कृषक' प्लांट २००२ मध्ये सुरू झाला, तिथे कोबाल्ट-६० या किरणोत्सर्गी धातूचे गॅमा किरण वापरतात. साठवलेल्या कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून ६० ते ९० ग्रे पुरतात. माणसाला अंगभर ५ ग्रे एकदम बसले तर वाचणं कठीण, म्हणून त्या खोलीच्या भिंती जाडजूड काँक्रीटच्या. कांदा मात्र कोमटसुद्धा होत नाही, ७५ ग्रेने तापमान वाढतं जेमतेम ०.०२ अंश! एवढ्याशा एनर्जीने कोंबातल्या पेशींचा डीएनए तुटतो, आणि त्या पेशींचं कामच मुळी विभागत राहायचं असल्याने त्या तिथेच अडकतात, बाकीच्या पाकळ्यांना फारसा फरक पडत नाही.

कांदा किरणोत्सर्गी होत नाही, कारण त्यासाठी अणूचा गाभा बदलावा लागतो आणि या गॅमा किरणांत तेवढा दम नसतो. एक्सरे काढून आलेल्या माणसाला आपण लांब बसवतो का?

असा कांदा काही महिन्यांनी उभा चिरला तर मधोमध छोटा तपकिरी ठिपका दिसू शकतो, तो मेलेला कोंब. चवीला काही नाही, दिसायला नको वाटत असेल तर सुरीने काढून टाका.

मात्र ही जादू नाही हं. कोंब थांबतो, सड थांबत नाही, कांदा साठवायच्या चाळीत हवा खेळत नसेल तर काजळी (काळी बुरशी) धरणारच. शिवाय कांदा काढून सुकवला की रेडिएशन लवकर द्यावं लागतं, आत कोंब हलायला लागल्यावर नेऊन उपयोग नाही. आणि बियाण्यासाठी गोट (बी धरायला पुन्हा लावायचे कांदे) बाजूला ठेवायचे असतील तर ते आधीच निवडून घ्या, रेडिएशन दिलेल्या कांद्याला डेंगळे (फुलांचे दांडे) येत नाहीत.