वॉर्निंगचं पान कुठून आलं

हर्णैची एक पोरगी, नववीतली, माझ्याकडची अंतराळावरची इंग्रजी कादंबरी घेऊन गेली आणि दुसऱ्याच दिवशी परत हजर. पहिल्या पानावर बारीक अक्षरात लिहिलेलं, गोष्टीत मृत्यू आहेत, बुडण्याचे प्रसंग आहेत. "काका, हे आधीच कशाला सांगून ठेवलंय?" तिचा मामा होडी घेऊन गेला तो आलाच नाही, त्यामुळे मला पटकन काय बोलावं सुचेना.

बऱ्याच जणांना वाटतं की ही वॉर्निंग म्हणजे सेन्सॉरचीच धाकटी बहीण. मला नाही पटत. सेन्सॉर कसा असतो ते १९५४ मध्ये अमेरिकेत दिसलं, कॉमिक्स वाचून पोरं बिघडतात अशी बोंब झाली आणि प्रकाशकांनी घाबरून स्वतःच कॉमिक्स कोड, म्हणजे काय छापायचं काय नाही याची नियमावली, लावून घेतला. त्यात ईसी कॉमिक्स या कंपनीची 'जजमेंट डे' ही गोष्ट अडकली. यंत्रमानवांचा ग्रह, केशरी आणि निळे, निळ्यांनी बसमध्ये मागे बसायचं (ओळखीचं वाटतंय ना), आणि तपासणीला आलेला पृथ्वीवरचा माणूस हे सगळं बघून त्यांना नापास करतो आणि शेवटच्या चौकटीत हेल्मेट काढतो तर तो काळा. १९५३ ला ही छापून झालेली, पण १९५६ च्या अंकात परत घ्यायची म्हटल्यावर कोडवाले म्हणे काळा नको. अहो मग गोष्टीत उरलं काय! प्रकाशक गेन्स हटले नाहीत, गोष्ट तशीच छापली, पण कंपनीचं ते शेवटचं कॉमिक ठरलं.

वॉर्निंग मात्र वाचणाऱ्यांकडून आली. आघातानंतरच्या मानसिक त्रासाला १९८० मध्ये अमेरिकन डॉक्टरांच्या यादीत नाव मिळालं, 'ट्रिगर' (जुनी जखम पुन्हा जागी करणारी गोष्ट) हा शब्द तिथून अत्याचार सोसलेल्या बायकांच्या ऑनलाइन गप्पांत आला, मग फॅनफिक्शनमध्ये, म्हणजे वाचकांनीच आवडत्या पात्रांवर लिहिलेल्या गोष्टींमध्ये, आणि गोष्टीआधी लावलेले तेच इशाऱ्याचे टॅग वाचत मोठी झालेली पोरं पुढे लेखक झाली. इथे कापायचं काही नाही, फक्त सांगून ठेवायचं.

गोष्टीत कोण दिसतं हे भांडण मात्र मिटलं नाही. 'हंगर गेम्स'मधल्या रू नावाच्या मुलीची त्वचा गडद तपकिरी असं २००८ च्या पुस्तकात स्पष्ट आहे, तरी २०१२ च्या सिनेमात काळी मुलगी दिसल्यावर लोक चिडले. आपल्याकडे नारळीकरांची 'कृष्णविवर' १९७४ ची, पण तेव्हापासून आजवर मराठी विज्ञानकथेत कोळ्याची पोर यानात बसलेली निदान मला तरी आठवत नाही.

पोरगी पुस्तक परत घेऊन गेली, बुडण्याची पानं साधारण कुठे आहेत तेवढं विचारून.