मंगळवार आणि गुरुवार सारखे कसे? : गोळ्यांच्या डबीमागची गोष्ट

लालबागच्या चाळीत माझी आत्या राहते. तिच्या ओट्यावर मिसळणाचे दोन डबे शेजारी शेजारी असतात. एकात मोहरी, जिरं, हळद, तिखट, दुसऱ्यात गोळ्या. बाजूच्या सहा वाट्या सोमवार ते शनिवार, मधली रविवारची. दर रविवारी संध्याकाळी ती कात्री घेऊन बसते, पट्ट्यांतून एकेक गोळी वेष्टणासकट कापते आणि वाट्या भरते. मी तिला एकदा क्रॉफर्ड मार्केटमागच्या गल्लीतून प्लॅस्टिकची सात खान्यांची डबी आणून दिली होती. झाकणांवर इंग्रजी अक्षरं : एस, एम, टी, डब्ल्यू, टी, एफ, एस. आठवड्याभरात डबी परत आली. "अरे, मंगळवार आणि गुरुवार सारखेच कसे? आणि शनिवार-रविवारपण?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

प्रत्येकाच्या औषधांप्रमाणे भरलेली डबी आज ऑनलाइन सहज मिळते. अमेरिकेत २०१३ साली सुरू झालेल्या पिलपॅकने तारीख-वेळ छापलेल्या पुड्यांमध्ये प्रत्येकाच्या गोळ्या भरून घरपोच द्यायला सुरुवात केली, आणि २०१८ मध्ये ॲमेझॉनने ती कंपनीच विकत घेतली. पण औषधाला खाने पाडायची कल्पना नवी नाही, आणि फक्त तिकडची तर मुळीच नाही.

औषध कधी घ्यायचं याचा विचार आयुर्वेदात बारकाईने आहे. वाग्भटाने औषध घेण्याचे दहा काळ सांगितले : जेवणाआधी, जेवणामध्ये, घासाघासाला, रात्री झोपताना वगैरे. शार्ङ्गधराने ते पाचावर आणले. (मला यात एका वैतागलेल्या वैद्याचा शहाणपणा दिसतो. दहा काळ पाळणारा रोगी त्यालाही भेटला नसावा.)

गिरगाव-दादरच्या जुन्या दवाखान्यांत हे काम कंपाउंडर करायचा. बाटली घरून न्यायची. तो तीत लालभडक मिक्श्चर ओतायचा, मग कागदाची पट्टी दुमडून कात्रीने कडेला खाचा पाडायचा आणि डिंकाने बाटलीला उभी चिकटवायचा. दोन दिवसांचं औषध, दिवसाला तीन डोस, म्हणजे सहा भाग. संध्याकाळी घरी आलेल्या वडिलांना कोणाला काही विचारावं लागत नसे. औषध तिसऱ्या खाचेवर असेल तर पोराने तीनही डोस घेतलेत. वर असेल तर कुठेतरी चुकवलाय. डोस मोजून देण्यापुरती लावलेली ती पट्टी घरात साक्षीदाराचं काम करायची.

पुढे मिक्श्चर मागे पडलं, गोळ्यांच्या पट्ट्या आल्या आणि ही साक्ष गेली. पट्टी साधारण दहाची, आठवडा सातांचा. मेळ कुठेच नाही. चार गोळ्या संपलेल्या दिसतात, पण आजची त्यात आहे की नाही हे पट्टी सांगत नाही. तेवढ्यापुरता डॉक्टरांनी कागदावर तोडगा काढला : १-०-१. सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. डॉक्टर चिठ्ठीवर लिहीत त्या लॅटिन आद्याक्षरांपेक्षा हे कोणालाही कळतं. माझ्या मते हीसुद्धा तीन खान्यांची डबीच, फक्त शाईने काढलेली.

आजच्या डबीच्या घराण्यातला एक ठळक पूर्वज मात्र अमेरिकेत भेटतो, आणि तो नवरा-बायकोच्या कुरबुरीतून जन्मला. १९६० साली तिथे संततिनियमनाच्या गोळीला मान्यता मिळाली. गोळ्या साध्या बाटलीत यायच्या. ठरावीक दिवशी सुरू करायच्या, वीस दिवस घ्यायच्या, मग थांबायचं. इलिनॉय राज्यातल्या जिनिव्हा गावात राहणारे इंजिनिअर डेव्हिड वॅग्नर बायकोला, डोरिसला, सारखं विचारत, "घेतलीस का?" ती वैतागायची. मग त्यांनी कागदावर वार लिहून प्रत्येक वारावर एकेक गोळी मांडली आणि कागद कपाटावर ठेवला. कशाचा तरी धक्का लागून सगळ्या गोळ्या खाली सांडल्या. तेव्हा त्यांनी पारदर्शक प्लॅस्टिक, कागद, चिकटपट्टी आणि मुलांच्या खेळण्यातलं एक बटण घेऊन फिरती गोल डबी केली. १९६२ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला, १९६४ मध्ये ते मिळालं. तोवर, १९६३ मध्येच, ऑर्थो या औषध कंपनीची गोल डबी बाजारात आली होती.

वॅग्नरना बायकोच्या विसरभोळेपणावर इलाज हवा होता असं नाही. त्यांना न विचारता कळायला हवं होतं. डबी मुळात 'घे' म्हणत नाही, 'घेतली' एवढंच सांगते.

आपल्याकडे तीच युक्ती माला-डीच्या पाकिटात आली, एका सुधारणेसह. एकवीस संप्रेरकांच्या गोळ्यांपुढे लोहाच्या सात. गोळ्या अठ्ठावीस, दिवस अठ्ठावीस. मध्ये थांबायचं नाही, म्हणून पुन्हा कधी सुरू करायचं हे लक्षात ठेवायला नको.

वारांच्या पाकिटाचा मोठा उपयोग कुष्ठरोगात झाला. वडाळ्याचं ॲक्वर्थ रुग्णालय १८९० पासूनचं. तेव्हा या रोगावर खात्रीचं औषध नव्हतं. पुढे डॅप्सोन आलं, पण ते एकच औषध वर्षानुवर्षं, कधी जन्मभर घ्यायचं. लोक मध्येच सोडत, आणि जंतू औषधाला दाद देईनासे झाले. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने दोन-तीन औषधं एकत्र द्यायची पद्धत सुचवली. त्यासाठी महिनाभराचं, अठ्ठावीस दिवसांचं पाकीट निघालं. महिन्याचा पहिला मोठा डोस आरोग्यसेवकासमोर, बाकीचे घरी, रोज एका कप्प्यातले. मोठ्यांचं पाकीट वेगळ्या रंगाचं, मुलांचं वेगळ्या. न वाचता येणाऱ्या माणसालाही आपलं पाकीट ओळखता यायचं आणि आपण कुठवर आलो तेही दिसायचं.

क्षयरोगाची गोष्ट एवढी सरळ नाही, आणि मुंबईला ती जास्त लागते. मद्रासमध्ये १९५६ साली सुरू झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष १९५९ मध्ये आले : घरी राहून गोळ्या घेणारे रोगी सॅनेटोरियममधल्या रोग्यांइतकेच बरे होतात. जगभरची सॅनेटोरियमं ओस पडायला या निष्कर्षाचा हातभार लागला. पण मग घरी गोळी घेतली की नाही हे पाहणार कोण? १९९७ पासून देशात पसरलेल्या सुधारित क्षयरोग कार्यक्रमाचं उत्तर होतं : पूर्ण उपचाराची पेटी, तीवर रोग्याचं नाव, आणि गोळ्या दुसऱ्या माणसासमोर गिळायच्या. पेटी नावाची, पण घरी न्यायची नाही. सुरुवातीचे महिने आठवड्यातून तीनदा केंद्रावर जा आणि समोर घ्या. नाक्यावर काम शोधणाऱ्याची अशाने सकाळ जाते, आणि सकाळ गेली की दिवसाची मजुरी.

२०१७ नंतर रोजच्या गोळ्यांची पद्धत देशभर आली. त्याच सुमारास नाइन्टीनाइन डॉट्स नावाची एक भारतीय युक्तीही वापरात आली. पट्टी एका पाकिटात बसवलेली. गोळी दाबून काढली की मागे लपलेला फोन नंबर दिसतो, त्यावर मोफत फोन लावायचा. मिस्ड कॉलच्या भाषेत वाढलेल्या देशाला हे समजवावं लागलं नाही. फोन आला म्हणजे गोळी वेष्टणाबाहेर आली, एवढं नक्की. ती पोटात गेली की खिडकीबाहेर, हे नंबर सांगू शकत नाही.

आणि गोळी न घेणाऱ्याच्या माथी सगळं मारणंही बरोबर नाही. मुंबईच्या गरीब वस्त्यांतल्या शंभर खासगी डॉक्टरांना क्षयाचा उपचार लिहायला सांगितलं, तेव्हा ऐंशी वेगवेगळे उपचार लिहून आले. हा अभ्यास १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. २०१० मध्ये आलेल्या तशाच पाहणीत एकशे सहापैकी फक्त सहा डॉक्टरांनी बरोबर औषधं लिहिली. पुढच्याच वर्षाअखेरीस हिंदुजा रुग्णालयाचे डॉ. झरीर उडवाडिया आणि सहकाऱ्यांनी जवळपास कुठल्याच औषधाला न जुमानणाऱ्या क्षयाचे रोगी नोंदवले आणि देशभर खळबळ उडाली. चुकीचं लिहिलेलं औषध सात खान्यांत कितीही नेटकं भरलं, तरी चुकीचंच.

मग डबीचा उपयोग होतो का? २००३ च्या अहवालात जागतिक आरोग्य संघटनेने म्हटलं की श्रीमंत देशांतही दीर्घ आजारांची औषधं नीट घेणारे सरासरी निम्मेच. २०१७ मध्ये अमेरिकेत पन्नास हजारांहून जास्त लोकांवर मोठी चाचणी झाली. काहींना खान्यांची डबी, काहींना घड्याळ बसवलेलं झाकण, काहींना बाटलीवर सरकवायच्या खुणांची पट्टी पाठवली, बाकीच्यांना काहीच नाही. फरक पडला नाही. मला त्यात नवल वाटत नाही. डबी घरी येऊन पडली. ती रविवारी भरणार कोण, हा प्रश्न तसाच राहिला. आत्याचा डबा चालतो कारण कात्री आत्याच्या हातात असते.

ती गोळ्या वेष्टणातून सोडवत नाही, यामागेही कारण आहे. जुलैत मुंबईची हवा पापड मऊ करते, गोळ्यांनाही सोडत नाही. फिटसाठीची व्हॅल्प्रोएटची गोळी ओल शोषते. रक्त पातळ करणारं डॅबिगाट्रान मूळ वेष्टणातच ठेवायचं असतं. दुसरा धोका कमी माहीत आहे. डोस चुकवणाऱ्या रोग्याचं बीपी उतरत नाही, म्हणून डॉक्टर डोस वाढवत नेतात. मग कोणीतरी डबी आणून देतं, तो सगळ्या गोळ्या वेळेवर घेऊ लागतो आणि चक्कर येऊन पडतो. इंग्लंडच्या ईस्ट अँग्लिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये याच कारणाने सांगितलं की डबी सुरू करण्याआधी डॉक्टरांशी बोला.

आठवड्यातून एकदाच घ्यायच्या गोळ्या तर डबीत हमखास घात करतात. संधिवातासाठीचं मेथोट्रेक्सेट चुकून रोजच्या खान्यांत गेलं तर जिवावर बेततं. आत्याला हाडांसाठी अशी एक साप्ताहिक गोळी आहे, सकाळी उपाशीपोटी, ग्लासभर पाण्याबरोबर, नंतर अर्धा तास आडवं न होता. ती तिच्या डब्यात नसते. भिंतीवरच्या कालनिर्णयात प्रत्येक बुधवारी लाल पेनाने एक गोल असतो, आणि गोळी घेतली की गोलावर फुली.